खडखडाट

सजवायचं म्हणजे भरायचं, असं वाटतं लोकांना.
मी गेले नऊ दिवस
एक दुकान रिकामं करते आहे.

वूच शहर, ट्रामच्या वळणावरचं मोबाईलचं दुकान.
त्याचं आम्हाला करायचंय किराण्याचं:
साल एक्याऐंशी, महिना नोव्हेंबर,
पहिली तारीख रविवारी. कॅलेंडर तपासलंय.
एटीएमवर प्लायवूडची टपरी चढवली,
रस्त्याचे पांढरे पट्टे मातीखाली गाडले.
तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने
डिश काही काढू दिली नाही; तिथे आता
एक चादर वाळत असते, न वाळणारी.

धूळ विकत मिळते. मुलतानी माती,
पंचवीस किलोचं पोतं, पावतीसकट.
जुन्या मोज्यात भरून
फळ्यांवर हलकेच आपटायची.
हात पोचत नाही तिथे जास्त,
जिथे कालपर्यंत काही होतं
तिथे मुळीच नाही.
एवढंच माझं शास्त्र.

मग व्हिनेगर. तेवढंच मिळायचं, आई सांगते,
भिंतभर व्हिनेगर.
चौसष्ट बाटल्या. लेबलं कोऱ्या चहात बुडवून
खिडकीत वाळवली, कडा नखाने खरवडल्या.
आत नळाचं पाणी.
आईला फोटो पाठवला. उत्तर आलं,
"सगळी लेबलं समोर बघतायत.
एवढा उत्साह कोणाला होता गं?"
रात्री परत गेले आणि बाटल्या वाकड्या केल्या,
एकेक,
पाय दुखणाऱ्या बाईच्या हाताने.

राडोस्वाव म्हणाला, फ्रेम उघडी पडतेय,
दोन डबे ठेव, काहीतरी लाल.
दिग्दर्शक आहे, म्हणू शकतो.
मी म्हटलं, लाल बाहेर आहे, फलकावर.
आत पोचलं नव्हतं.

सकाळी रांग आली. चाळीस बायका,
नखांचं पॉलिश पुसलेल्या, दात मात्र फार पांढरे.
"तोंड मिटून उभ्या राहा," मी सांगितलं.
"रांगेत? तोंड मिटून?"
लुत्सीनाबाई, वय शहात्तर, खो-खो हसल्या,
"अगं, बोलायला तर तिथेच मिळायचं."
आणि पर्समधून स्वतःची जाळीची पिशवी काढली,
मुठीत मावणारी, एका कडेला गाठ मारलेली.
माझ्या मुद्दाम विणून घेतलेल्या तेरा पिशव्या
तिच्यापुढे सरळ खोट्या पडल्या.

दोन टेक. जेवणाची सुट्टी.
बायका सूपच्या गाडीकडे पांगल्या
तरी रांगेच्या शेपटाशी एक म्हातारा उभा,
आमचा नव्हे. कोटाला आजची चेन.
रांगच नव्हती, तो होता.
हळूच विचारलं, "काय आलंय?"
"व्हिनेगर."
त्याने मान हलवली, ठाऊक असल्यासारखी.
"माणशी किती?"
"एक."
का असं म्हणाले, माहीत नाही.
त्याने दोन झ्लोटी काढून दिले.
मी घेतले. न घेते
तर सगळंच नाटक वाटलं असतं.
बाटली कोटाच्या आत, छातीशी धरून
तो ट्रामकडे गेला, वळून न बघता.
आत पाणी आहे हे सांगायचं राहून गेलं.

कंटिन्युइटीची पोरगी ओरडत आली:
त्रेसष्ट! दुसऱ्या फळीवर, डावीकडून सातवी!
खोक्यात जादा बाटल्या होत्या.
मी म्हटलं, राहू दे. दुकान आहे,
कधीतरी काहीतरी विकलं जाणारच.

फळीवर धुळीत एक गोल उरलाय.
अख्ख्या दुकानात तो एकच
मी केलेला नाही.

दोन झ्लोटी अजून खिशात.
शनिवारी हिशेब द्यायचाय,
कुठल्या रकान्यात लिहू?